वटवाघूळ घरात शिरलं, अंगणात पडलं, बोटाला चावलं: नवख्यांनी काय करायचं

पावसाळ्याच्या तोंडावर प्राणिमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. तळहातावर बसलेलं इवलंसं वटवाघूळ आणि खाली मजकूर, 'पिल्लू सापडलंय, काय खायला द्यायचं?' बहुतेक वेळा ते पिल्लू नसतंच, पूर्ण वाढ झालेली पाकोळी, म्हणजे लहान जातीचं वटवाघूळ असतं. आपल्याकडच्या सगळ्यात लहान जातीचं वजन दोन ते चार ग्रॅम भरतं, त्यामुळे हा घोटाळा होतो. खायला काय द्यायचं ते नंतर बघू. तो तळहात उघडा का आहे, हे आधी विचारायला हवं.

प्राणी वाचवण्याच्या कामात नुकतेच उतरलेले, लेण्या-गुहांत जायला लागलेले ट्रेकर, जुन्या घराचा माळा साफ करायला घेतलेले आणि रात्री अकराला हॉलमध्ये वटवाघूळ गरगरतंय म्हणून स्वयंपाकघरात दार लावून बसलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. उघड्या हाताने वटवाघळाला शिवायचं नाही. शिवलं गेलंच, तर जखम दिसते की नाही हे बघत न बसता धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. हे दोन्ही नीट कसं करायचं, त्याच्या पायऱ्या पुढे आहेत.

आधी धोका ओळखून घ्या

गावच्या वडावर शंभर वटवाघळं लटकलेली असली म्हणून त्या वडाखालून जाणाऱ्याला काही होत नाही. संध्याकाळी डोक्यावरून एखादं भिरभिरत गेलं तरी काही होत नाही. ती केसांत अडकत नाहीत आणि मुद्दाम अंगावरही येत नाहीत. रक्त पिणारी वटवाघळं फक्त मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेत आहेत, भारतात नाहीत. धोका आहे तो चाव्याचा, लाळेचा, लघवीचा आणि विष्ठेच्या धुळीचा. यातलं काहीही माणसापर्यंत पोचतं ते बहुधा माणसानेच हात पुढे केला म्हणून.

सगळ्यात गंभीर म्हणजे रेबीज. रेबीजचा विषाणू लिसाव्हायरस नावाच्या गटातला आहे आणि या गटातले बहुतेक विषाणू वटवाघळांतच सापडलेले आहेत. लाळेतून जखमेत शिरलेला विषाणू मज्जातंतूंवरून मेंदूकडे सरकतो. त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. एकदा लक्षणं सुरू झाली की माणूस वाचत नाही असंच धरून चालायचं. भारतात रेबीज म्हटलं की कुत्रा आठवतो आणि ते योग्यच आहे, इथले जवळजवळ सगळे मृत्यू कुत्र्याच्या चाव्यानेच होतात. पण 'आपल्या वटवाघळांना रेबीज नसतोच' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. नागालँडमधल्या वटवाघळांच्या रक्तात लिसाव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी), म्हणजे विषाणू अंगात येऊन गेल्याची खूण, सापडल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. शेजारच्या श्रीलंकेत गन्नोरुवा नावाचा लिसाव्हायरस मिळाला, तोही आपल्या वडा-पिंपळावर लटकणाऱ्या मोठ्या फळभक्षी वटवाघळाच्याच जातीत. ऑस्ट्रेलियात १९९६ साली वटवाघळांतला असाच विषाणू सापडला. तिथे जुलै २०२५ मध्ये एक माणूस दगावला. त्याला काही महिन्यांपूर्वी वटवाघूळ चावलं होतं आणि त्या देशातला तो चौथा रुग्ण होता. इतक्या वर्षांत चार, म्हणजे शक्यता अगदी कमी, पण लागण झाली तर सुटका नाही. लस का घ्यायची, याचं उत्तर या हिशेबातच आहे.

दुसरा निपाह. हा मोठ्या फळभक्षी वटवाघळांच्या लाळेत आणि लघवीत असतो. १९९८-९९ मध्ये मलेशियात तो डुकरांमार्फत माणसांत आला. बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून येत राहिला. भारतात २००१ मध्ये सिलिगुडीत, २००७ मध्ये नदिया जिल्ह्यात आणि २०१८ मध्ये केरळच्या कोळिकोडमध्ये त्याने माणसं नेली. केरळात त्या वर्षी सतरा जण गेले. त्यांत पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातली लिनी पुदुश्शेरी ही परिचारिका होती, रुग्णाची शुश्रूषा करतानाच तिला लागण झाली. तिथे पहिल्या कुटुंबाच्या विहिरीतली वटवाघळं आधी तपासली. ती कीटकभक्षी होती, त्यांच्यात काही मिळालं नाही. नंतर त्याच भागातल्या मोठ्या फळभक्षी वटवाघळांत विषाणू सापडला. सगळी वटवाघळं एकाच माळेत ओवून चालत नाही ते यासाठी.

महाराष्ट्राचा संबंध म्हणाल, तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली आणि त्यांच्यात निपाहविरुद्धची प्रतिपिंडं मिळाल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. तेव्हा राज्यात निपाहचा एकही रुग्ण नव्हता. त्या बातमीने घाबरून महाबळेश्वरची सहल रद्द करणाऱ्यांनी ती विनाकारण रद्द केली. गुहेत शिरून वटवाघळांवर टॉर्च मारणाऱ्यांनी मात्र ती जरूर लक्षात ठेवावी.

तिसरी गोष्ट विषाणूची नाही, बुरशीची आहे. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत वाढते आणि धुळीबरोबर छातीत जाते. तिच्याकडे पुढे माळ्याच्या वेळी येऊ.

घरात शिरलं तर

पहिलं काम पंख्याचं बटण बंद करणं. घरात आलेलं वटवाघूळ बहुधा पंख्यानेच जखमी होतं, आणि मग जखमी वटवाघूळ उचलायला कुणाचा तरी हात पुढे येतो.

मुलांना आणि मांजराला दुसऱ्या खोलीत पाठवा. घरातली आतली सगळी दारं लावा. ज्या खोलीत ते आहे तिथली खिडकी किंवा गॅलरीचं दार पूर्ण उघडा, मच्छरदाणीची जाळीही सरकवा, पडदे बाजूला करा. मग खोलीतला दिवा घालवा आणि बाहेर येऊन थांबा. आत उभं राहून टॉवेल फडकावला की ते दमतं, खाली येतं आणि सोफ्यामागे जाऊन बसतं, म्हणजे आपलंच काम वाढतं. ते आपल्या दिशेने झेप घेतंय असं वाटतं खरं, पण खोलीत वळण घेताना त्याची उंची थोडी कमी होते, त्याचाच हा भास. मच्छर मारायची बॅट तर हातातही घेऊ नका. तिने वटवाघूळ मरत नाही, अर्धमेलं होऊन खाली पडतं.

बाहेर जायला त्याला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटांनी हळूच डोकावून बघा. गेलं नसेल तर कुठे बसलंय ते शोधा. पडद्याच्या वरच्या चुणीत, भिंतीवरच्या फोटोमागे, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, दाराला अडकवलेल्या शर्टाच्या घडीत, ही त्याची ठरलेली ठिकाणं.

बसलेल्या वटवाघळासाठी डबा आणि पुठ्ठा पुरतो. आधी हातात जाड चामडी हातमोजे चढवा, बागकामाचे किंवा वेल्डिंगचे. तपासणीचे पातळ रबरी मोजे इथे उपयोगाचे नाहीत, दात त्यातून आरपार जातात. प्लास्टिकचा किंवा बुटांचा रिकामा डबा त्याच्यावर अलगद पालथा घाला. भिंत आणि डबा यांच्या फटीतून जाड पुठ्ठा सावकाश सरकवा. तो सरकताना ते तोंड उघडून टिकटिक, चिरचिर असा आवाज करतं आणि डोकं इकडेतिकडे वळवतं. तोंड उघडलं म्हणजे चावायला निघालं असं नाही, कित्येक जाती तोंडानेच आवाज सोडून अंदाज घेतात. तुम्ही मात्र घाई करू नका. पंखाची कड पुठ्ठ्याखाली आली तर पुठ्ठा जरासा मागे घ्या, ती तिची आत ओढली जाते. पुठ्ठा पूर्ण सरकला की डबा आणि पुठ्ठा दोन्ही बाजूंनी घट्ट धरून बाहेर न्या.

बाहेर जमिनीवर ठेवून 'जा बाबा' म्हणून उपयोग नाही. बऱ्याच वटवाघळांना जमिनीवरून उडणं जड जातं, त्यांना वरून खाली झेप घेणं सोपं पडतं. डबा झाडाच्या खोडाला किंवा खडबडीत भिंतीला डोक्याएवढ्या उंचीवर आडवा टेकवा आणि पुठ्ठा काढा. ते पकडून वर सरकतं आणि थोड्या वेळाने उडतं. दिवसा सापडलं असेल तर डबा बंदच ठेवून अंधार पडल्यावर सोडा, नाहीतर कावळे सोडत नाहीत.

सोडण्याआधी घरच्यांना एक गोष्ट विचाराच: ते खोलीत असताना तिथे कुणी झोपलेलं होतं का? तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेलं माणूस, दारू पिऊन पडलेलं कुणी? ज्याला 'मला चावलं नाही' असं खात्रीने सांगता येत नाही, त्याला संपर्क झाला असं धरून पुढची चाव्याची पायरी करायची.

जमिनीवर पडलेलं, जखमी, लटकून अडकलेलं

संक्रांतीच्या सुमारास मांजात अडकलेली मोठी वटवाघळं, वर्षभर विजेच्या तारांवर चिकटलेली, एप्रिल-मेच्या उष्णतेच्या लाटेत झाडाखाली टपटप पडलेली आणि विणीच्या दिवसांत आईच्या पोटावरून निसटलेली पिल्लं, हे नेहमीचे प्रकार आहेत. नव्या माणसाने यातलं एकच काम करायचं: गर्दी मागे हटवायची, कुत्री दूर ठेवायची आणि फोन लावायचा. महाराष्ट्रात वनविभागाचा क्रमांक १९२६. तारेवरचं असेल तर वायरमनला सांगून वीज बंद केल्याशिवाय काठीही लावायची नाही.

मांजात अडकलेलं मोठं वटवाघूळ दुखण्याने वेडं झालेलं असतं. त्याचे सुळे चांगले लांब असतात आणि अंगठ्याच्या नख्या आकड्यासारख्या. दोघांनी धरून एकाने दोरा कापायचा, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. व्हिडिओ बघून हे करायला जाऊ नका.

मदत यायला तासन्तास लागणार असतील आणि प्राणी लहान असेल, तरच हलवायचं. चामडी मोजे, वर जुन्या टॉवेलच्या दोन-तीन घड्या, आणि टॉवेलसकट उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोक्याच्या आतल्या भिंतीवर एखादं जुनं सुती कापड वरून खाली टांगा, त्याला धरायला मिळालं की ते शांत होतं. हवेसाठी पेन्सिलच्या टोकाएवढी भोकं ठेवा, पाकोळीला निसटायला बोटभर फटही पुरते. झाकण लावा, अंधारात ठेवा, आणि परत परत उघडून बघू नका. दूध पाजू नका. ड्रॉपरने तोंडात पाणी सोडू नका, ते फुप्फुसात जातं आणि पाजणारं बोटही दातांपाशी येतं. उन्हाने पडलेल्यांवर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारायला हरकत नाही, तोही मास्क लावून आणि वाऱ्याने तुषार आपल्याच अंगावर येतील अशा बाजूला उभं न राहता.

'वाचवलं, आता पाळतो' हेही नको. फळभक्षी वटवाघळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पूर्वी उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच रद्द झाली. त्यामुळे जुना अनुभव सांगणाऱ्याचं ऐकून पिंजरा आणू नका.

मेलेलं वटवाघूळही हाताने उचलायचं नाही. प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी चढवायची, त्यातूनच पकडायचं, पिशवी सुलटी करून गाठ मारायची, वर दुसरी पिशवी. एखाददुसरं असेल तर खोल पुरून वर ब्लीचिंग पावडर. एकाच ठिकाणी बरीच मेली असतील तर पुरू नका, वनविभागाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, त्यांना नमुने घ्यायचे असतात. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूर जिल्ह्यात अशी बरीच मोठी वटवाघळं मेली. लोकांनी करोना समजून धसका घेतला. तपासणीत कारण निघालं उष्माघात.

चावलं, ओरखडलं किंवा नक्की कळत नाही

इथे वेळ घालवायचा नाही आणि लाजायचंही नाही.

आधी नळ. वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने धुवा, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. कुठलाही साबण चालतो, कपड्यांचासुद्धा. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. म्हणून ही पंधरा मिनिटं नुसती स्वच्छतेसाठी नाहीत, तो उपचाराचाच पहिला भाग आहे. किल्ल्यावर असाल आणि नळ नसेल तर बाटल्यांचं पाणी आणि साबणाची वडी. पाणी पिण्यापुरतंच उरलं असेल तरी जखमेवर ओता, टाक्याचं पाणी मिळालं तर तेही चालेल. डोळ्यात किंवा तोंडात लाळ-लघवी उडाली असेल तर नुसत्या पाण्याने बराच वेळ धुवा.

धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तंबाखू, लाल तिखट, जखमेवर नाणं बांधणं, यातलं काहीही नको. गावाकडे वडीलधारी माणसं आग्रह धरतात. त्यांच्याशी वाद न घालता 'डॉक्टरांनी काही लावू नका म्हटलंय' एवढं सांगून निघा. घट्ट पट्टी बांधू नका. डॉक्टर टाके घालायला निघाले तर 'रेबीजचं आधी बघा' म्हणून आठवण करा.

पाकोळीचे दात इतके बारीक असतात की चाव्याच्या जागी सुईच्या टोकाएवढे ठिपके राहतात, कधी तेही दिसत नाहीत आणि रक्त तर येतच नाही. म्हणून 'काही दिसत नाही, म्हणजे काही झालं नाही' हे इथे चालत नाही. २०२४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओत एका मुलाच्या खोलीत वटवाघूळ आढळलं. अंगावर कुठे खूण दिसली नाही म्हणून उपचार घेतले गेले नाहीत, आणि ते मूल रेबीजने गेलं.

दवाखान्यात काय बोलायचं

प्राथमिक आरोग्य केंद्र, उपजिल्हा रुग्णालय किंवा महापालिकेचा दवाखाना, कुठेही रेबीजची लस मिळते आणि सरकारी ठिकाणी ती मोफत असते. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता दंडात देतात. कातडीत द्यायची पद्धत असेल तर दोन्ही दंडांत, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या नि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत देत असतील तर चौदाव्या दिवशीही एक, म्हणजे एकूण पाच. दिवस मोजताना पहिल्या डोसचा दिवस शून्य धरतात. इथे खूप जण घोळ घालतात, म्हणून तारखा कागदावर लिहून घ्या. नंतरचे डोस 'आता बरं वाटतंय' म्हणून चुकवू नका. बरं वाटण्याचा इथे काही संबंध नाही.

काही वेळा दवाखान्यात ऐकायला मिळतं, 'वटवाघळासाठी लस लागत नाही.' हे डॉक्टर मनचं बोलत नसतात. भारतात वटवाघळांमधला रेबीज निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही म्हणून लस गरजेची नाही, असं आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वर्षानुवर्षं छापलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटना मात्र वटवाघळाशी झालेला थेट संपर्क तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात टाकते आणि त्यासाठी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही सांगते. माझं मत संघटनेच्या बाजूने आहे, वर नागालँड आणि श्रीलंकेचं सांगितलं ते याच कारणासाठी. तिथे भांडू नका. 'थेट संपर्क झाला आहे, जागतिक आरोग्य संघटना याला तिसरा वर्ग मानते, मला लस हवी आहे' असं शांतपणे सांगा. तरी नकार आला तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. लसीने होणारा त्रास किरकोळ असतो.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं. लसीचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात, तोवरचा काळ ही भरून काढतात. ती जखमेत आणि जखमेभोवती टोचतात, त्यामुळे बोटाच्या टोकावर चावा असेल तर दुखतं हे खरं. पहिल्या दिवशी मिळाली नाहीत तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतात, त्यानंतर नाही. छोट्या केंद्रात नसतील तर पहिला डोस तिथेच घ्या आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही सांगा.

पुढच्या तीन आठवड्यांत ताप, जोराची डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा धाप लागली, तर दवाखान्याच्या दारातच 'माझा वटवाघळाशी संपर्क आला होता' हे सांगा आणि मास्क लावा. निपाहची लक्षणं साधारण चार ते चौदा दिवसांत दिसतात. ती निपाहचीच असतील असं मुळीच नाही, आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता कितीतरी जास्त. पण कोळिकोडमध्ये विषाणू पसरला तो मुख्यतः रुग्णालयांत, कारण पहिल्या रुग्णाला काय झालंय हे कुणाला माहीतच नव्हतं.

माळा, देऊळ, गुहा: धूळ उडवू नका

वटवाघूळ समोर नसलं तरी त्याची विष्ठा असतेच. कौलारू घराचा माळा, शाळेचं पडकं छप्पर, जत्रेआधी झाडून काढायचं देवळाचं शिखर, किल्ल्यावरचं दारूकोठार. वर्षानुवर्षं साचलेल्या त्या काळ्या भुग्यावर कोरडी केरसुणी फिरली की जे उडतं ते छातीत जातं. हिस्टोप्लाझ्मोसिसची लक्षणं साधारण तीन ते सतरा दिवसांत दिसतात: ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं. धडधाकट माणसाला बहुधा काही कळतही नाही. एचआयव्ही असलेले, स्टेरॉइडवर असलेले, अवयवरोपण झालेले लोक यांना ती जीवघेणी ठरू शकते, त्यांनी हे काम अंगावर घेऊच नये. एक्स-रेमध्ये ती टीबीसारखी दिसते आणि आपल्याकडे टीबीचीच शक्यता आधी घेतली जाते. औषधं चालू असूनही खोकला हटत नसेल, तर 'मी वटवाघळांच्या माळ्यावर काम केलं होतं' हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर घाला. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे घरात वेगळं बसायची गरज नाही.

साफसफाई करायचीच असेल तर एन-९५ मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, डोक्याला फडकं. रुमाल किंवा कापडी मास्क पुरत नाही. आधी झारीने सगळं भिजवा, चिखल होईल इतकं नाही, धूळ बसेल इतकं. मग फावड्याने उचलून पिशव्यांत भरा. काम झाल्यावर कपडे बाहेरच उतरवून वेगळे धुवा. खत म्हणून शेतात टाकायचं असेल तर तेही ओलंच हाताळा. टेम्पोत उघडं नेऊ नका.

गुहेत जाणाऱ्या ट्रेकरला इतकंच: छतावर वटवाघळं दिसली की आवाज, टॉर्च आणि धूर तिन्ही बंद करा आणि माघारी फिरा. खाली बसून डबा उघडू नका. छताकडे तोंड वासून बघू नका. युगांडातल्या एका गुहेत अजगर आणि वटवाघळं बघायला पर्यटक जात. २००८ मध्ये त्यांतल्या एका डच पर्यटक बाईंना मारबर्ग या इबोलासारख्या जीवघेण्या विषाणूची लागण झाली आणि त्या गेल्या. आपल्या गुहांत तो विषाणू आढळलेला नाही. पण दाटीच्या गुहेत उभं राहण्याची हौस कुठेही वाईटच.

त्याच युगांडातल्या कितका खाणीची हकिकत, 'मारूनच टाका ना सगळी' म्हणणाऱ्यांसाठी. २००७ मध्ये तिथे खाणकामगारांना मारबर्ग झाला, मग खाणीतली वटवाघळं नष्ट केली गेली. काही वर्षांत नवी येऊन राहिली, आणि त्यांच्यात विषाणूचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं. २०१२ मध्ये जवळच्याच भागात पुन्हा साथ आली.

या कामात राहायचं असेल तर

रोज नाही तरी महिन्यातून एखाद्या वेळी प्राणी हाताळणार असाल, तर आधीच रेबीजची लस घ्या. आपल्याकडे तिचे तीन डोस देतात. तारखा डॉक्टर सांगतील. अशी लस घेतलेल्याला पुढे चावा बसला तरी शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी दोन डोस घ्यावेच लागतात, पण इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी त्याचाच शोध घेत फिरावं लागतं, म्हणून हा फायदा मोठा आहे. स्कॉटलंडमध्ये २००२ साली वटवाघळांवर काम करणारा एक अनुभवी माणूस चाव्यातून रेबीजने गेला. त्याने ही लस घेतलेली नव्हती. अनुभव असला की हात धीट होतो आणि मोजे पिशवीतच राहतात. माझ्या मते नवशिक्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा स्वयंसेवक जास्त धोक्यात असतो.

परदेशात असाल तर

न्यू जर्सी, टोरांटो, मेलबर्न इथल्या मराठी घरांसाठी एक पायरी उलटी आहे. अमेरिकेत देशातच लागण होऊन होणाऱ्या रेबीजच्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा वटवाघळांचा आहे. तिथे झोपलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं, तर ते सोडून देऊ नका. खोलीचं दार लावा, शक्य असेल तर वर सांगितल्याप्रमाणे डब्यात बंद करा, डोकं चिरडू न देता, कारण तपासणी मेंदूची होते. लगेच स्थानिक आरोग्य विभागाला फोन करा. तपासणीत विषाणू नाही निघाला तर लसीचा पूर्ण कोर्स वाचतो. ऑस्ट्रेलियात मात्र स्वतः पकडायला जाऊ नका, तिथल्या वन्यजीव बचाव पथकाला बोलवा.

फट बुजवताना

वटवाघळं परत परत येत असतील तर मूळ काम छपराचं आहे. संध्याकाळी बाहेर उभं राहून ती नेमकी कुठून निघतात ते दोन-तीन दिवस बघा. त्या फटीवर वरून अडकवलेली, खाली मोकळी राहील अशी बारीक जाळी लावा. बाहेर पडता येतं, परत आत शिरता येत नाही. आठवडाभर शांतता दिसली की फट सिमेंटने किंवा पट्टीने बुजवा. डांबरगोळ्या आणि गंधकाचा धूर यांनी ती जात नाहीत, घरभर विखुरतात. आत पिल्लं असतील तर जाळी लावू नका: आया बाहेर अडकतात, पिल्लं आत मरतात आणि भुकेलेली पिल्लं सरपटत खाली खोलीत येतात. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत विणीची शक्यता जास्त असते, तेव्हा गवंड्याला दिवाळीनंतरच बोलवा.